नेब्रास्काचा पाहुणा

आमच्या शहराचं नाव हार्लन फॉल्स. फॉल्स म्हणजे धबधबा. तो एकोणीसशे अकरा साली धरणाच्या पोटात गेला, पण शहराचं नाव बदलायचं तर राज्य सरकारकडे अर्ज करावा लागतो आणि अर्जात नवं नाव लिहावं लागतं. ते शंभर वर्षांत कुणाला सुचलेलं नाही. लोकसंख्या एक लाख चार हजार. त्यातल्या निदान पाव लोकांच्या नाकावर मी बसवलेला चष्मा आहे, कारण मुख्य रस्त्यावरचं चष्म्याचं दुकान गेली एकतीस वर्षं मी चालवतो. मी, वेन्डेल ओस्टरमान. एवढं सांगायचं कारण असं, की या शहराला कुणी नावं ठेवली तर ती मला वैयक्तिक लागतात.

आणि ती ठेवली माझ्या मुलीनेच.

ग्रेटा फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे आखडलेले सांधे मोकळे करते. तिला दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या: एक इथल्या इस्पितळात, घरापासून सात मिनिटांवर, आणि दुसरी डेन्व्हरला, घरापासून पंधरा तासांवर. सोमवारी दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. शुक्रवारी सकाळी ती घरी आली, बॅग जिन्यात ठेवली आणि कॉफी ओतता ओतता म्हणाली, "बाबा, खरं सांग, इथे बघायचं काय? डेन्व्हरला दर शनिवारी काहीतरी असतं. गाणं असतं, चित्रं असतात, डोंगर तर असतोच."

तिने इथे राहावं असं मला फार वाटत होतं. पण तसं तोंडाने म्हणायची आमच्या विस्कॉन्सिनमध्ये पद्धत नाही. आम्ही मुलांना 'राहा' म्हणत नाही, 'गाडीचं ऑइल बदललंस का' असं विचारतो. ते मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने बदललेलं होतं. मग मी तोंडातून निघू नये ते वाक्य काढलं.

"तू हे शहर पाहिलंच नाहीस," मी म्हणालो. "उद्या दाखवतो."

ग्रेटा आंघोळीला गेल्यावर माझी बायको मार्लीस म्हणाली, "काय दाखवणार आहेस?"

"शहर."

"कुठलं?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि एकतीस वर्षांत आपण काय काय पाहिलं ते मनाशी आठवू लागलो. शुक्रवारी क्लबात तळलेले मासे खायचे. तिथून घरी यायचं. एकदा क्लबाला आग लागली होती तेव्हा आम्ही दुसऱ्या क्लबात गेलो होतो. त्याला प्रेक्षणीय स्थळ म्हणता येईल असं मला वाटेना.

म्हणून कुंपणापलीकडच्या ड्युएनला विचारलं. ड्युएन बर्फ उडवायच्या यंत्रांचा जाणकार आहे आणि उरलेल्या सगळ्या विषयांत त्याचा सल्ला मोफत असतो. एप्रिलमध्येही तो गॅरेजचं दार उघडं टाकून त्या यंत्रापाशी बसलेला असतो. तो म्हणाला, "धरण दाखव."

"धरणात काय बघायचं?"

"तिथे आता धबधबा नाहीये, तेच."

दुसरा सल्ला त्याने विचार करून दिला. नव्या हार्डवेअरच्या दुकानातली खिळ्यांची ओळ, म्हणाला, कुणी अजून नीट पाहिलेली नाही. मी आभार मानले. ड्युएनच्या सल्ल्याचे आभार मानले नाहीत तर तो आणखी देतो.

शेवटी मी जेवणाच्या सुटीत पर्यटन कार्यालयात गेलो. हे कार्यालय माझ्या दुकानापासून चार दारं सोडून आहे आणि मी त्यात कधी पाय टाकला नव्हता. दारावर पाटी होती: सोमवार ते शुक्रवार, नऊ ते चार. आत ब्रेना नावाची मुलगी संगणकामागे बसली होती. पर्यटक शनिवार-रविवारी येतात, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं.

"म्हणूनच सर," ती म्हणाली. "त्या दिवशी गर्दी होते."

मी कार्यक्रमांचं माहितीपत्रक मागितलं. तिने आधी पिन कोड विचारला. मी सांगितला. तिने तो टाइप केला, मग पुन्हा टाइप केला.

"हा चालत नाही. हा इथलाच आहे."

"मीही इथलाच आहे."

"माहितीपत्रक पाहुण्यांसाठी असतं सर. प्रत्येक प्रतीमागे एक पाहुणा दाखवावा लागतो. इथल्या माणसाला यंत्र पाहुणा मानत नाही."

"मग इथल्या माणसाने शहराची माहिती कुठून घ्यायची?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेला नव्हता असं दिसलं. तिने माझी दया येऊन आवाज खाली आणला. "तुमचं कुणी बाहेर असतं का?" मार्लीसची मावशी पूर्वी नेब्रास्कात होती, आता ती वर आहे. पण मी तिचा जुना पिन कोड दिला आणि यंत्र आनंदाने वाजलं. मला माहितीपत्रक मिळालं. शिवाय कोटाला लावायचं एक गोल स्टिकर मिळालं: 'मी हार्लन फॉल्सचा पाहुणा, आलो आहे', आणि पुढे रिकाम्या जागेत ब्रेनाने जाड निळ्या अक्षरांत 'नेब्रास्काहून' असं लिहिलं. स्टिकर दाखवलं की संग्रहालयात दहा टक्के सवलत होती. मी ते जपून ठेवलं. दहा टक्क्यांसाठी आमच्याकडची माणसं याहून मोठी पापं करतात.

माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर सुंदर धबधबा होता. कुठला होता देव जाणे. आत शनिवारच्या रकान्यात दोन गोष्टी होत्या. सकाळी साडेनऊला कपडे पिळण्याच्या यंत्रांचं संग्रहालय, आणि अकराला ल्यूथरन चर्चमध्ये 'हार्लन फॉल्सची अकॉर्डियनवादक व्हर्ना टॉलेफसन, नंतर तळघरात जेवण'. मला हायसं वाटलं. संग्रहालय, संगीत आणि जेवण. डेन्व्हरला आणखी काय सोनं लागलंय.

शनिवारी मार्लीस दुकानात बसली आणि मी ग्रेटाला घेऊन निघालो. कोटावर स्टिकर होतं.

"बाबा, हे काय?"

"सवलत आहे," मी म्हणालो.

संग्रहालय जुन्या कारखान्याच्या मागच्या खोलीत होतं. एकेकाळी अर्ध्या अमेरिकेचे ओले कपडे इथल्या यंत्रांतून पिळून निघत, ही आमच्या शहराची जगाला देणगी. मार्गदर्शक म्हणून लॉइड नावाचे एक ऐंशीचे गृहस्थ होते. ते पहिल्या यंत्रापाशी आले, 'हे एकोणीसशे चौदाचं' म्हणाले आणि गुडघा धरून यंत्रावरच बसले. पुढची चाळीस मिनिटं आम्ही त्यांचा गुडघा पाहिला. ग्रेटा खाली बसून तो वाकवत होती, सरळ करत होती, विचारत होती. लॉइड म्हणाले, इस्पितळात सात महिन्यांची रांग आहे, तिथे हात लावायला माणूसच नाही. मी तोवर एकट्याने सगळी यंत्रं पाहिली. ती एकसारखी होती.

साडेदहाला लॉइड उठले, दोन पावलं टाकून पाहिली आणि खूश होऊन दिवे घालवू लागले. "बंद करतो आता. व्हर्नाकडे जायचंय."

"आम्हीही तिकडेच," मी म्हणालो, आणि ग्रेटाकडे अर्थपूर्ण पाहिलं. बघ, संग्रहालय बंद करून लोक ऐकायला जातात. डेन्व्हरला जातात का?

चर्चच्या बाहेर गाड्याच गाड्या. माझी छाती फुगली. ग्रेटा लॉइडना पायऱ्या चढायला मदत करत मागे राहिली. दारात एका बाईंनी माझ्या हातात घडी घातलेला कागद दिला, माझ्या स्टिकरकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "आलात, फार बरं केलंत." एवढं अगत्य मला आमच्या शहरात कधी दिसलं नव्हतं. ते पाहुण्यांसाठी राखीव असावं. कागद वाचायला गेलो तर चष्मा घरी राहिलेला. ही गोष्ट माझ्या धंद्यातल्या माणसाने कबूल करू नये, म्हणून कागद खिशात ठेवला.

आता ल्यूथरन माणसाची एक सवय सांगितली पाहिजे. तो चर्चमध्ये मागे बसतो. आग लागली तर पळता यावं म्हणून नाही, पुढे बसणं म्हणजे स्वतःला कुणीतरी समजणं. सगळं चर्च मागून भरत आलं होतं आणि पुढच्या दोन रांगा साफ मोकळ्या होत्या. एरवी मीही मागेच गेलो असतो. पण मला मुलीला मैफल दाखवायची होती. मी ताठ मानेने मधल्या वाटेने गेलो आणि पहिल्या रांगेत बरोबर मध्ये बसलो. पुढे स्टँडवर एक जुनं अकॉर्डियन ठेवलं होतं, भोवती फुलं होती, शेजारी एका तरुण मुलीचा काळापांढरा फोटो. मांडणी मला आवडली. ग्रेटा येऊन बसली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःजवळचा कागद उघडला.

"बाबा."

"शू. सुरू होतंय."

"बाबा, हे गाणं नाहीये. ती गेलीये."

"कुठे?"

ग्रेटाने कागद माझ्यासमोर धरला. मला दिसत नव्हता, पण तिच्या चेहऱ्यावरून वाचता आला.

झालं होतं असं. व्हर्ना टॉलेफसनचा कार्यक्रम दर एप्रिलला असे. यंदाही ठरला होता. मंगळवारी ती अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेली. पण चर्च ठरलेलं होतं, हॅम सांगून झालं होतं, आणि सांगितलेलं हॅम रद्द करण्याची आमच्या चर्चच्या स्वयंपाकघरात पद्धत नाही. तेव्हा वेळ तीच ठेवली, जेवण तेच ठेवलं, फक्त कार्यक्रम बदलला. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की जवळच्या नातेवाइकांसाठी सोडलेल्या जागेत मी आणि माझी मुलगी बसलो आहोत, आमच्यामागे अडीचशे माणसं आहेत आणि उठून जायचं तर त्या अडीचशे तोंडांसमोरून.

"आपण जाऊया," ग्रेटा कुजबुजली.

"आता कसं जाणार?"

"मग काय करायचं?"

"दुःखी दिस," मी म्हणालो. मला त्यासाठी प्रयत्न करावा लागत नव्हता.

पास्टर सोल्वेग उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा माझ्याच दुकानातला, त्यामुळे त्यांना मी स्वच्छ दिसत होतो. त्यांनी व्हर्नाबद्दल सांगितलं. चाळीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. लग्नात, मयतीत, कापणीनंतरच्या जेवणात ती वाजवायची. एकोणीसशे एकोणसाठ साली याच अकॉर्डियनवरून तिचा आणि भावाचा खटका उडाला आणि भाऊ निघून गेला तो परत आला नाही. "नेब्रास्काला," पास्टर म्हणाल्या आणि थांबल्या. माझा हात कोटावर गेला. स्टिकर जागच्या जागी होतं. "त्यांच्या घरचं कुणीतरी आज इथे आलंय, हे पाहून व्हर्नाला काय वाटलं असतं. त्यांनी दोन शब्द बोलावेत, अशी माझी विनंती आहे."

ग्रेटाने डोळे मिटले. मी उठलो. का उठलो, असं मार्लीसने मला नंतर पुष्कळदा विचारलं आहे. पास्टरने बोलावल्यावर आमच्याकडचा माणूस उठतो, बस.

पुढे गेलो. मी नेब्रास्काचा नाही हे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात खिशातला कागद हाताला लागला. तो हात लांब करून धरला आणि त्यावरचा फोटो पहिल्यांदा दिसला. हा तरुणपणचा नव्हता, अलीकडचा होता. आणि ही बाई मला माहीत होती. दर दोन वर्षांनी माझ्या दुकानात यायची. पर्स मांडीवर धरून बसायची. तिला नेहमी दोन चष्मे लागायचे. एक रोजचा. दुसरा बावीस इंचांवरचं बघायला.

"मी नेब्रास्काचा नाही," मी म्हणालो. "स्टिकर सवलतीसाठी होतं. मला वाटलं आज मैफल आहे. मी वेन्डेल, चष्मेवाला."

मी तिथेच थांबायला हवं होतं.

"ही बाई सत्तावीस वर्षं माझ्याकडे आली. दर वेळी बावीस इंचांचा एक चष्मा मागायची. मी टेप लावून मोजायचो, कागदावर लिहायचो. बावीस इंचांवर वाचायचं पुस्तक नसतं आणि शिवण नसते. बावीस इंचांवर काय असतं, हे मी एकदाही विचारलं नाही. एकदा ती म्हणाली होती, ठिपके हलतात, जरा बघता का. मी काच बदलून दिली." "ते ठिपके म्हणजे गाणं होतं. स्टँडवर ठेवलेलं. चार दारांवर पर्यटन कार्यालय आहे, काल मी तिथे खोटा पिन कोड देऊन विचारायला गेलो, की या शहरात ऐकण्यासारखं कोण आहे. ती माझ्यासमोर सत्तावीस वर्षं बसत होती."

एवढं बोलून मी जागेवर येऊन बसलो. मागे कुणीतरी नाक शिंकरलं. ग्रेटाने माझ्या बाहीला धरलं आणि प्रार्थना संपेपर्यंत सोडलं नाही.

तळघरात जेवणाच्या वेळी मी भिंतीला लागून उभा राहिलो, म्हणजे निदान एका बाजूने कुणी येणार नाही. स्वयंपाकघराची सूत्रं हातात असलेल्या आर्डिसबाई हॅमची बशी घेऊन आल्या.

"तू नेब्रास्काचा नाहीस हे आम्हाला ठाऊक होतं, वेन्डेल. तुझी आई माझ्या वर्गात होती."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तू पहिल्या रांगेत बसलास. आम्हाला वाटलं, काहीतरी असेल. असं तोंडावर विचारायचं कसं?" त्यांनी माझ्या बशीत आणखी एक तुकडा घातला. "लॉइडचं म्हणणं पडलं, की तुझ्या वडिलांकडून व्हर्नाच्या नात्यातला असशील. एकतीस वर्षं बोलला नाही, किती खोल माणूस, म्हणाला."

माझी अब्रू तिथेच हॅमवर आडवी झाली होती, पण लक्ष द्यायला कुणी मोकळं नव्हतं. ग्रेटाभोवती रांग लागली होती. लॉइड बटाट्यांच्या भांड्यापाशी उठाबशा काढून दाखवत होते. चार गुडघे, एक खांदा आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचं मनगट एवढ्यांची तपासणी झाली. ते आटोपल्यावर आर्डिसबाई फळीला लावलेला कागद घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. चर्चमध्ये मयत असली की कुणी काय करून आणायचं, त्याची ती यादी.

"तुला चीजचे बटाटे येतात का गं?"

"येतात," ग्रेटा म्हणाली. दुसरं काही म्हणायला तिला मी शिकवलेलंच नाही.

"मग पुढच्या वेळी बटाटे ग्रेटाचे," असं म्हणत बाईंनी शाईने नाव लिहिलं.

"पुढची वेळ म्हणजे कधी?"

आर्डिसबाईंनी एकदा सगळ्या तळघरावर नजर फिरवली. "बघू," म्हणाल्या.

गाडीत ग्रेटा पायांशी फॉइलमध्ये बांधलेलं हॅम घेऊन बसली होती. मी शहराबद्दल काही बोललो नाही. बोलायला तोंड कुठे होतं. तिला जायचं असेल तर मी अडवणार नव्हतो, आणि ते सांगावं म्हणून म्हणालो, "टायर बघून घेऊ तुझे. पंधरा तासांचा रस्ता आहे."

तिने हॅमचं फॉइल कडेने नीट दाबून घेतलं.

सोमवारी सकाळी ती फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. मी दुकानात जायला उशीर करत होतो, मार्लीस तेच कपाट दुसऱ्यांदा पुसत होती.

"बाबा, त्या यादीवरून नाव काढायचं असेल तर काय करायचं?"

"आर्डिसबाईंना फोन करायचा. सांगायचं, मी डेन्व्हरला चालले, बटाटे जमणार नाहीत."

"तू कधी केलायस असा फोन?"

"मी? नाही. एडगर श्वांक म्हणून एकाने केला होता."

"मग?"

"अॅरिझोनात असतो आता."

तिने नंबर लावला. "नमस्कार, मी ग्रेटा ओस्टरमान," ती म्हणाली. "फार विचार केला, पण मला नाही जमणार. हो, हवा फार छान आहे तुमच्याकडे. डोंगरही. पण इथे मी एक काम अंगावर घेतलंय. नाही, तारीख अजून ठरलेली नाही." फोन ठेवून ती म्हणाली, "त्यांना नाही म्हणणं सोपं होतं. मी त्यांना ओळखत नाही."

मार्लीसने पुसायचं फडकं तोंडाला लावलं. "ऑइल कधी बदललंस?" मी विचारलं.

"राहतेय, बाबा," ती म्हणाली.

तेव्हापासून मी दुकानात टेप लावला की विचारतो: एवढ्या अंतरावर तुम्ही काय बघता? त्यामुळे गिऱ्हाइकं तासभर बसतात आणि मार्लीस चिडते. पण नऊ इंचांवर लाकडाची बदकं कोरणारा एक पोस्टमन सापडला. अठरा इंचांवर दाढदुखीवर कविता करणारे दातांचे डॉक्टर सापडले. ड्युएनला अकरा इंचांचा चष्मा हवा होता. त्याने आधी बर्फाच्या यंत्राचं नाव सांगितलं, मग दार लागलेलं आहे ना ते पाहिलं आणि खिशातून भरतकामाचा रुमाल काढला. लाल पक्षी होता त्यावर, इतका देखणा की मी तो दिव्याखाली धरून दोनदा पाहिला. "कुणाला सांगशील तर बघ," तो म्हणाला. मी फक्त इथे सांगतो आहे.

दोन महिन्यांत सतरा नावं जमली. ड्युएनचं वगळून सोळा मी पर्यटन कार्यालयाला पाठवली, की पुढच्या माहितीपत्रकात घ्या. परवा उत्तर आलं. ग्रेटा इस्पितळात जायच्या घाईत होती, एका हातात टोस्ट, तरी तिने ते उभ्याने मोठ्याने वाचलं.

"आपल्या सूचनांबद्दल आभारी आहोत. मात्र स्थानिक कलाकारांची नावं फक्त स्थानिक रहिवाशांकडूनच स्वीकारली जातात. आमच्या नोंदीनुसार आपण नेब्रास्काचे आहात. हार्लन फॉल्सला पुन्हा अवश्य भेट द्या."

तिने पत्र माझ्या बशीशेजारी ठेवलं आणि किल्ल्या उचलल्या.

"या की एकदा परत," ती म्हणाली. "बघण्यासारखं पुष्कळ आहे इथे."